पाच पैशांचं तिकीट

1961 साली गोवा मुक्त झाला आणि कॅसलरॉकची सरहद्द गेली. कस्टमची तपासणी गेली, स्टेशन तेवढं राहिलं. पुढं जगाची बातमी आमच्याकडं गाडीनं यायची, नाहीतर रेडिओवरून. आमची जेवणं दिवस मावळायच्या आत. त्यामुळं बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की आई-काकू हात पुसून निवांत बसायच्या.

1971 च्या पावसाळ्यात त्याच रेडिओवर पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या बातम्या येऊ लागल्या. बघता बघता कोटीभर माणसं भारतात आली. 15 नोव्हेंबरपासून पत्रावर त्यांच्या मदतीसाठी 5 पैशांचं जादा तिकीट लागू लागलं. पहिली तिकिटं तर कुटुंबनियोजनाचीच, वर निर्वासित मदतीची अक्षरं छापलेली. माहेरी, बेळगावला जाणारं 20 पैशांचं पाकीट आईला 25 ला पडू लागलं.

आई कुरकुरली, "सक्तीनं घेतलेलं हे कसलं दान?"

आजी वाती वळत होती. म्हणाली, "आहार, औषध, शास्त्र, अभय. अगं, भिऊन पळालेल्याला थारा देणं म्हणजे अभयदानच की. चिकटव मुकाट्यानं."

3 डिसेंबरला युद्ध पेटलं, 16 ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. जादा तिकीट मात्र मार्च 1973 पर्यंत लावावं लागलं. आई पुन्हा कधी कुरकुरली नाही. लढाईचा इतिहास सेनापतींच्या नावानं लिहितात. त्यात आमच्या आयांचे पाच-पाच पैसेही आहेत.