काडतुसाचा काठ : स्मिथ अँड वेसन ‘नंबर एक’ आणि त्याचे तीन नमुने

बालाघाट जिल्हा १८६७ साली तयार झाला. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो केला गेला. त्याच्या मागेपुढे, १८५७ ते १८८२ या पंचवीस वर्षांत, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड शहरात एक छोटंसं, खिशात मावणारं रिव्हॉल्वर बनत होतं. कारखाना स्मिथ अँड वेसनचा, आणि रिव्हॉल्वरचं नाव सरळ ‘नंबर एक’. आपल्या मंडळात त्याच्यावर लिहायचं कारण आहे. जुन्या फोटोत किंवा कुणाच्या पेटीत असं काही दिसलं, की आपण ‘इंग्रजांच्या काळातलं पिस्तूल’ म्हणून मोकळे होतो. साल, नमुना, काडतूस यांतलं काहीच नोंदवलं जात नाही. ‘नंबर एक’ मात्र असं आहे, की नीट पाहिलं तर ते स्वतःच आपलं वय सांगतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ. आपल्याकडची भरमार बंदूक नळीच्या तोंडातून भरतात. दारू टाकायची, गोळी ठासायची, मग मागे टोपी बसवायची. काडतुसात हे तिन्ही एकाच पुंगळीत येतं. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या तळाला जो बाहेर आलेला काठ असतो, त्याच्या आत भरलेला असतो. घोडा त्या काठावर कुठेही आपटला की बार होतो. दुसरा शब्द सिंगल ॲक्शन. म्हणजे चाप ओढून घोडा आपोआप मागे जात नाही. प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा ओढायचा, त्याच ओढीत चक्री एक घर पुढे सरकते, आणि मग चाप.

१८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या फ्रेंच माणसाने टोपीतच गोळी बसवून घरात नेमबाजी करायचं काडतूस केलं होतं. डॅनिअल वेसनने ती पुंगळी लांबवून तिच्यात चार ग्रेनच्या आसपास काळी दारू भरली. आज ‘पॉइंट बावीस शॉर्ट’ म्हणतात ते हेच. अशा सात काडतुसांसाठी ‘नंबर एक’ची चक्री होती. सहा नव्हे, सात. ही पहिली खूण.

दुसरी खूण भरण्याच्या पद्धतीत आहे. खालची कळ दाबली की नळी वरच्या बिजागरीवर उचलली जाते. मग चक्री बाहेर काढायची आणि नळीखालच्या दांडीवर दाबून रिकाम्या पुंगळ्या एकेक करून काढायच्या. चापाभोवती कडीही नाही, तो एका छोट्या म्यानासारख्या खोबणीत बसतो.

आता नमुने. पहिला १८५७ ते १८६० चा. सांगाडा पितळी, बाजू गोलसर, बाजूची झाकणपट्टीही लहान आणि गोल. हे सुमारे १२ हजारच निघाले. दुसरा १८६० ते १८६८ चा. पितळ तेच, पण बाजू सपाट आणि झाकणपट्टी मोठी, वेड्यावाकड्या आकाराची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात शिपाई पदरचे पैसे घालून हा घ्यायचे, म्हणून आकडा एक लाखाच्या वर गेला. या दोन्हींची नळी अष्टकोनी. तिसरा १८६८ ते १८८२ चा. सांगाडा लोखंडी, नळी गोल आणि वर कणा, चक्रीवर खाचा, आणि मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी गोलाकार. हे एक लाख तीस हजारांच्या आसपास बनले. म्हणजे फोटोत नुसती मूठ आणि नळी दिसली तरी तिसरा नमुना ओळखता येतो.

एवढी वर्षं दुसरं कुणी असं का केलं नाही? कारण पेटंट. चक्रीची घरं आरपार पाडायची, म्हणजे काडतूस मागून घालता येतं, ही कल्पना रोलिन व्हाइटने ३ एप्रिल १८५५ ला नोंदवली होती. स्मिथ अँड वेसनने दर नगामागे २५ सेंट देऊन ती घेतली. पण करारात एक मेख होती, नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात व्हाइटनेच लढायचं. त्यात त्याची कमाई बरीच खर्ची पडली. १८६९ ला मुदत संपली. त्याला दिलासा देणारं विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० ला नामंजूर केलं. कोल्टचं प्रसिद्ध सिंगल ॲक्शन आलं ते त्यानंतर, १८७३ ला.

रिमफायरला मर्यादाही होती. घोड्याने काठ चेपला जायचा तर पुंगळीचा पत्रा पातळच हवा. पातळ पत्र्यात जास्त दारू भरली तर तळ फुगतो आणि चक्री अडते. म्हणून मोठ्या काडतुसांत टोपी तळाच्या मधोमध गेली आणि रिमफायर लहान मापात राहिलं. शिवाय ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. आपल्या भागात भरमार का टिकली, याचं उत्तर काही अंशी इथे आहे. भरमारीला दारू आणि शिसं मिळालं की झालं, रिमफायरला प्रत्येक बार विकत घ्यावा लागतो. त्यावर १८७८ चा शस्त्र कायदा. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्या साहेबाला सूट. हा जाच कमी करावा, असा ठराव काँग्रेसने १८८७ ला मद्रासच्या अधिवेशनात केला होता.

घराणं मात्र संपलं नाही. १९५३ ला रुगरने ‘सिंगल सिक्स’ काढलं, दिसायला कोल्टसारखं, खायला पॉइंट बावीसची रिमफायर. जुन्या नमुन्यात घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं लागे, नाहीतर पडल्यावर बार व्हायचा धोका. १९७३ च्या नव्या नमुन्यात चाप दाबल्यावरच मध्ये येणारी पट्टी बसवली आणि तो धोका गेला.

आता आपल्या कामाचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. ‘दीडशे वर्षं जुनं आहे, काय होतंय’ हे इथे चालत नाही. पॉइंट बावीस शॉर्ट अजून बनते, त्यामुळे १८६० चं ‘नंबर एक’ही कायद्याच्या नजरेत जिवंत हत्यार ठरू शकतं. आणि आजचं काडतूस त्या जुन्या चक्रीत घालणं हे हात गमावायचं काम आहे.

म्हणून पेटीत असं काही सापडलं तर घोडा ओढून पाहू नका. भीतीपोटी विहिरीत टाकू नका आणि भंगारातही देऊ नका. आहे तिथे, आहे तसा फोटो काढा आणि कुणाचं, कुठून आलं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. लगेच ठाण्यात कळवा. जमा करताना पावती घ्या आणि वस्तू संग्रहालयाकडे जावी असा लेखी अर्ज जोडा. हत्यार आपल्या हातून गेलं तरी त्याची हकीगत गावात राहील, आणि आपल्या मंडळाचं काम तेवढंच आहे.