प्रार्थनेच्या न्याहारीत उच्चारलेले पाप



राज्यकर्त्यांसाठी आपण उपासनेत नेहमी प्रार्थना करतो. पण तो राज्यकर्ता समोरच बसला असेल तर?

१ फेब्रुवारी १९७३. वॉशिंग्टनमध्ये दरवर्षी भरणारी राष्ट्रीय प्रार्थना न्याहारी. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि सुवार्तिक बिली ग्रॅहम दोघेही हजर. व्हिएतनामच्या शांतता करारावर सह्या होऊन आठवडाही झाला नव्हता. आभाराचे चार शब्द बोलून खाली बसणे सोपे होते. ओरेगनचे सिनेटर मार्क हॅटफिल्ड मात्र पापाविषयी बोलले. राष्ट्राच्या आत्म्यावर व्रण उठवणारे पाप आणि त्यासाठी सर्वांनी करायचा पश्चात्ताप. देशाभिमानाने घडवलेला देव आणि पवित्र शास्त्रातला देव यांत गल्लत करू नका, असेही त्यांनी बजावले.

निक्सन त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. इतकेच नव्हे, १९६० च्या अधिवेशनात निक्सन यांचे नाव उमेदवारीसाठी मांडले ते हॅटफिल्ड यांनीच! दाविदापुढे उभा राहिलेला नाथान आठवतो. पण नाथानाला पुन्हा निवडून यायचे नव्हते.

हे धाडस एका सकाळचे नव्हते. बाप्टिस्ट संस्कारांत वाढलेले हॅटफिल्ड दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. इवो जिमा आणि ओकिनावा त्यांनी पाहिले, आणि बाँब पडल्यावर महिन्याभरात हिरोशिमाही. पुढे गव्हर्नर असताना व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणाऱ्या ठरावाला त्यांनी विरोध केला. १९६७ मध्ये ते सिनेटमध्ये गेले. १९७० साली डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्यासोबत त्यांनी सैन्य परत आणण्याची दुरुस्ती मांडली. ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली.

ते निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. देहदंडाला मनातून विरोध असूनही १९६२ मध्ये गव्हर्नर म्हणून त्यांनी एक मृत्युदंड माफ केला नाही. भेटवस्तू आणि उपकारांची नोंद नीट न दिल्याबद्दल १९९२ मध्ये सिनेटच्या नीती समितीने त्यांना ठपका दिला. जगाला पश्चात्ताप सांगणाऱ्याला तो स्वतःच्या हिशेबातही करावा लागला.

१९९५ मध्ये समतोल अंदाजपत्रकाच्या घटनादुरुस्तीला विरोध करणारे ते एकटेच रिपब्लिकन होते. पक्षाचा दबाव प्रचंड होता. त्यांनी नेते बॉब डोल यांना सांगितले, "मी राजीनामा देतो," म्हणजे एक सदस्य कमी होऊन दोन-तृतीयांशाचे गणित जमेल. विरुद्ध मत बदलायला मात्र ते तयार नव्हते. डोल यांनी राजीनामा घेतला नाही, आणि दुरुस्ती पडली.