वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी सुरू करताय? आधी ब्रेक बघा

प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन 2000च्या सुमारास थांबलं. तरी काही सोसायट्यांमध्ये ती अजून ताडपत्रीखाली उभी दिसते.

अशा गाडीला थेट स्टार्टर मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबवतं, ते आधी काढा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हाताने फिरतंय का पाहा.

इंजिन धडधडलं की लगेच चक्कर मारायचा मोह होतो. खरा धोका तिथेच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. ते आणि रबरी होज तपासल्याशिवाय गाडी गेटबाहेर नको.

कागदपत्रांचं काय? 15 वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण आरटीओच्या तपासणीनंतर 5 वर्षांसाठी होतं. 20 वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ऑगस्ट 2025पासून हे शुल्क 10,000 रुपये आहे. विमा, पीयूसी वेगळे.