औंढा नागनाथ आणि अल्पजीवी तारास्फोटांचा वेध

ज्योतिर्लिंगामुळे विख्यात असलेले औंढा नागनाथ हे क्षेत्र, १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत, परभणी जिल्ह्यात मोडत असे. याच तालुक्यातील 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय तरंगांच्या नियोजित वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. अंदाजित खर्च २,६०० कोटी रुपये होता. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा हे तिचे स्वरूप. तीत दुर्बिणीस स्थान नाही. तथापि अवरक्त दुर्बिणींचे यश अशा वेधशाळांवर किती अवलंबून असते, हे दोन घटनांवरून दिसून येते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे तरंग अमेरिकेतील दोन्ही लायगो वेधशाळांत नोंदले गेले. इटलीतील व्हर्गो वेधशाळेत मात्र ते जवळजवळ उमटलेच नाहीत, कारण स्रोत तिच्या अंध दिशेस होता. व्याकरणातील लोपाप्रमाणे येथे अभावच अर्थवाहक ठरला. शोधक्षेत्र सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आकुंचित झाले आणि सुमारे ११ तासांनी चिलीतील दुर्बिणीस १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेत स्फोटाचा प्रकाश आढळला. त्याचे नीलवर्णी तेज काही दिवसांतच ओसरले; अवरक्त तेज दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले. स्फोटात निर्माण झालेली लँथेनाइड गटातील जड मूलद्रव्ये दृश्य प्रकाश रोखून धरतात. अवरक्त प्रकाशास ती तितका प्रतिबंध करीत नाहीत. म्हणूनच अशा मूलद्रव्यांच्या उत्पत्तीची साक्ष मुख्यतः अवरक्त किरणांत मिळते.

२५ एप्रिल २०१९ रोजी तशाच मीलनाचे तरंग पुन्हा आले. त्या वेळी अमेरिकेतील एकच लायगो वेधशाळा कार्यरत होती आणि व्हर्गोतील संकेत अत्यंत क्षीण होता. परिणामी शोधक्षेत्र ८,००० चौरस अंशांहून मोठे, म्हणजे संपूर्ण खगोलाच्या सुमारे एक पंचमांश, राहिले. पालोमार येथील 'गॅटिनी' ही ३० सेंटिमीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण एका दृष्टिक्षेपात २५ चौरस अंश व्यापते. तिनेही शोध घेतला. परंतु त्या स्फोटाचा प्रकाश कोणत्याही दुर्बिणीस निश्चितपणे सापडला नाही.

पहिल्या प्रसंगी व्हर्गोचे मौन उपयोगी पडले, कारण ती वेधशाळा कार्यरत होती. दुसऱ्या प्रसंगी बंद असलेल्या वेधशाळेच्या मौनातून काहीच निष्पन्न झाले नाही. अमेरिका व युरोप यांपासून दूर असलेल्या औंढ्याच्या वेधशाळेचे महत्त्व यातच आहे. ती पूर्ण झाल्यावर अवरक्त दुर्बीण कोणत्या दिशेस वळवावी, हे तेज मावळण्यापूर्वीच ठरविणे अधिक सुकर होईल.