तटाच्या आतला राजा

ट्रान्सिल्व्हेनियातल्या सॅक्सन गावांनी मध्ययुगात आपल्या चर्चलाच तट घातला. प्रेजमेरच्या तटाला आतून धान्याच्या खोल्या आहेत. तुर्कांची धाड आली की अख्खं गाव देवाच्या अंगणात शिरायचं. मालवणात क्रम उलटा. इथे आधी किल्ला झाला, मग त्यात वस्ती झाली आणि त्या वस्तीला पुढे देव मिळाला तो किल्ला बांधणारा राजाच.

शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडे. पायात शिसं ओतून वर सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट उठवला. 1667 पर्यंत काम पुरं झालं. दरवाजा असा दडवलाय की होडी पार जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत शिरताच मारुती, माथ्यावर दोन घुमटींत चुन्यात उमटलेला हात आणि पाय. ते महाराजांचेच, अशी किल्ल्यावरच्या लोकांची श्रद्धा. पुढे दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भर समुद्रात वस्ती तगली ती या गोड्या विहिरींवर. भवानी, जरीमरी, महापुरुष हे बाकीचे देव कोकणातल्या कुठल्याही गावात भेटावेत असे.

शिवराजेश्वर म्हणजे देव झालेले शिवाजी महाराज; त्यांच्या देवळाची गोष्ट वेगळी. हे देऊळ राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधवलं. साल जरा नीट पाहा. संभाजी महाराजांची हत्या आणि रायगडाचा पाडाव 1689 चा. राजाराम महाराज स्वतः दूर तमिळ मुलखात, मोगलांनी वेढलेल्या जिंजीत. राजधानी गेलेली, आणि अशात हा मुलगा वडिलांचं देऊळ उभारतो! मला ही निव्वळ पितृभक्ती वाटत नाही. राज्य बुडालेलं नाही, हे आरमाराच्या माणसांना दगडातून सांगणं होतं.

मूर्तीही दरबारी नाही. काळ्या दगडातले बैठे महाराज, दाढी नाही, डोक्यावर जिरेटोप नव्हे तर नावाड्याची टोपी. चित्रांतल्या महाराजांना सरावलेला माणूस इथे गोंधळतोच. घडवणाऱ्याने दर्यावर्दी माणसांना आपला वाटेल असा राजा घडवला असावा, असा माझा अंदाज.

1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं ‘फोर्ट ऑगस्टस’ केलं. ते नाव टिकलं नाही, किल्ला परत कोल्हापूरकरांकडे गेला. 1812 मध्ये त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे कायमचा गेला, तरी करवीरच्या गादीचं नातं तुटलं नाही. गाभाऱ्यापुढचा सभामंडप शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधवला. कांदळगावचा रामेश्वर आजही दर तीन वर्षांनी लवाजम्यासह, होडीतून या राजाच्या भेटीला येतो.

मूर्तीवर चांदीचा मुखवटा असला की टोपी दिसत नाही. ती कधी पाहायला मिळेल, हे आधी पुजाऱ्यांना विचारा. आणि पावसाळ्यात जाऊ नका, होड्या बंद असतात.