पडद्यावरील छिद्र आणि त्याभोवती दडवलेल्या तारा

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्याला पीएम-किसानची ई-केवायसी आता मोबाइलसमोर चेहरा धरून करता येते. ही सोय जून २०२३ मध्ये आली. त्यापूर्वी ओटीपी किंवा बोटांचे ठसे, एवढेच मार्ग होते. फोनचा पुढचा कॅमेरा आजकाल पडद्याच्या वरच्या भागातील एका काळ्या ठिपक्यात बसलेला असतो.

तो ठिपका निरखून पाहावा. आतले भिंग लहान आणि भोवतीचे काळे वर्तुळ त्याहून मोठे दिसते. भिंग आणि चित्र यांच्यामध्ये उरलेली ही काळी कड शोभेसाठी नाही. तिच्याखाली तारा दडवलेल्या आहेत. हा धागा त्या कडेचा इतिहास सांगतो.

चित्राच्या पडद्याला छिद्रे पाडण्याची कल्पना मोबाइलहून बरीच जुनी आहे. मूकपटांचा पडदा अखंड असे. बोलपट आले तेव्हा आवाज पात्राच्या तोंडूनच यावा, म्हणून कर्णे पडद्यामागे ठेवावे लागले; पण जाड पडदा आवाज अडवी. अमेरिकेत फॉक्स कंपनीसाठी काम करणाऱ्या अर्ल स्पोनेबल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आवाज आरपार जाऊ देणारा पडदा तयार केला. मुंबईत १९३१ साली ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, तोवर जगभरच्या बोलपटगृहांत असे सच्छिद्र पडदे रुळू लागले होते. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती बारीक छिद्रे कधी दिसलीच नाहीत. हे सोपे होते, कारण कापडातून एकही तार जात नव्हती.

दूरचित्रवाणीच्या काचेच्या नळीतही चित्र मागून सोडलेल्या इलेक्ट्रॉन झोताने उमटे. तरी सोनीच्या १९६८ च्या ‘ट्रिनिट्रॉन’मध्ये आतली उभी जाळी थरथरू नये म्हणून एक-दोन आडव्या तारा ताणलेल्या असत, आणि पांढऱ्या चित्रावर त्यांची पुसट रेघ दिसे. नवा संच घेतलेल्या कित्येकांना ती रेघ म्हणजे बिघाडच वाटे.

खरे वळण १९७२ चे. त्या वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत पीटर ब्रॉडी यांच्या गटाने प्रत्येक ठिपक्यामागे स्वतंत्र ट्रान्झिस्टर असलेला सपाट पडदा चालवून दाखवला. मुंबईच्या प्रक्षेपणाकडे डोळे लावून बसलेल्या महाराष्ट्राला या दुसऱ्या घटनेची गंधवार्ताही नव्हती. अशा पडद्यात तारांच्या आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असतात. जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे चित्राचा एक ठिपका. म्हणजे पडदा तारांनीच विणलेला. त्याला छिद्र पाडणे म्हणजे विणलेल्या कापडातले धागे तोडणे.

तोडायची वेळ २०१७ मध्ये आली. ‘इसेन्शियल’ फोन आणि मग ‘आयफोन टेन’ यांनी पडद्याच्या वरच्या कडेला खाच पाडली. खाचेजवळच्या ओळी आखूड झाल्या, त्यांवरचा विद्युतभार घटला आणि तेवढ्या पट्ट्याचा उजेड वेगळा दिसण्याचा धोका निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून आखूड ओळींना कृत्रिम भार जोडतात. काही कंपन्यांनी २०१८ साली कॅमेराच फोनच्या माथ्यातून वरखाली होणारा केला. ती हौस दोन-तीन वर्षांत ओसरली. डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी ए८एस’ने आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एस१०’ने चित्राच्या आतच गोल छिद्र आणले.

खाच कडेला असते, छिद्र शेताच्या मधोमध असलेल्या विहिरीसारखे. आडव्या ओळींना सहसा दोन्ही कडांनी संकेत मिळतो, त्यामुळे तुटलेले दोन्ही तुकडे आपापल्या बाजूने चालू शकतात. उभ्या स्तंभांचा संकेत मात्र एकाच टोकाकडून, बहुधा खालच्या चिपकडून येतो. छिद्राने तो अडवला तर वरचे ठिपके उपाशी राहतील. म्हणून विहीर आली की पांदण जशी वळसा घेते, तशा या तारा छिद्राला वळसा घालून पुन्हा आपल्या जागी येतात. वळणावर त्यांची दाटी होते. ती कमी करण्यासाठी तारा धातूच्या वेगवेगळ्या थरांत एकीवर एक नेतात. ओलेड पडद्याला ओलावा मुळीच सोसत नाही, त्यामुळे त्याच्या छिद्राभोवती ओल अडवणारे बांधही घालावे लागतात. या पट्ट्यात चित्र उमटत नाही आणि धातू चमकतो; म्हणून वरच्या काचेवर आतून काळी शाई. ‘एस१०’ आल्यावर हौशी चित्रकारांनी तो ठिपका एखाद्या यंत्रमानवाचा डोळा वाटेल अशी वॉलपेपरे काढली. लपवण्याचा हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गमतीचा.

पुढचा प्रयत्न छिद्रच नाहीसे करण्याचा. २०२० मध्ये झेडटीईच्या ‘ॲक्सॉन २०’मध्ये कॅमेरा चालू पडद्याखाली गेला. आता प्रकाशाला तारांच्या जाळ्यातूनच वाट काढावी लागे. तो विखुरे आणि छायाचित्र धूसर येई. २०२१ मध्ये ओप्पोने त्या भागासाठी पारदर्शक तारांची रचना जाहीर केली. तरीही बाजार छिद्रालाच धरून राहिला, आणि ते योग्यच झाले: अखंड चित्रापेक्षा स्वच्छ चेहरा माणसाच्या अधिक कामाचा असतो.

फोन पडून काच फुटते तेव्हा हा सगळा दडवलेला इतिहास दुरुस्तीच्या टेबलावर उघडा पडतो. मूळ ओलेड परवडत नाही म्हणून त्याजागी स्वस्त एलसीडी डिस्प्ले बसवला जातो. त्याला मागून उजेडाचा थर लागतो, कडा जाड होतात, छिद्राभोवतीचे काळे वलय रुंदावते. काही वेळा छिद्र भिंगाच्या नेमके समोर बसत नाही, आणि ई-केवायसीसाठी धरलेल्या चेहऱ्याची एक बाजू काळ्या कडेआड जाते.