द किंग ऑफ फायटर्स : खेळाडूंची मते

द किंग ऑफ फायटर्स ही जपानच्या ओसाका शहरातील एसएनके कंपनीची लढतींची व्हिडिओ गेम मालिका आहे. पहिला भाग १९९४ मध्ये निओ जिओ यंत्रावर आला. 'फेटल फ्युरी', 'आर्ट ऑफ फायटिंग', 'इकारी वॉरियर्स' आणि 'सायको सोल्जर' या कंपनीच्याच जुन्या खेळांतले लढवय्ये त्यात एकमेकांसमोर उभे राहिले. लढतही एकास एक न राहता तिघांच्या संघाची तिघांच्या संघाशी सुरू झाली. कोणता भाग सर्वांत चांगला, कोणते पात्र अन्यायाने बलवान, कोणती युक्ती चालवून घ्यावी आणि कोणती नाही, यांवर तीन दशके चाललेल्या खेळाडूंच्या चर्चेची ही नोंद आहे. या मालिकेचे आयुष्य कंपनीच्या निर्णयांपेक्षा या चर्चेने अधिक ठरवले आहे.

वेगवेगळ्या घराण्यांतले लढवय्ये एका फडात आणण्याची गंमत जालना जिल्ह्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालना शहरात भरली होती. माती विभागातून आलेला बुलढाण्याचा बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके शेवटी एकमेकांना भिडले आणि गदा बाला रफिकने उचलली. मातीवरचा मल्ल आणि गादीवरचा मल्ल यांची सवय वेगळी, चाल वेगळी, दमसास वेगळा. म्हणून त्यांची गाठ पडली की फायदा कोणाला, यावर प्रेक्षकांत वाद ठरलेला. किंग ऑफ फायटर्सच्या खेळाडूंचा वाद नेमका याच जातीचा आहे. 'फेटल फ्युरी'चा टेरी बोगार्ड आणि 'आर्ट ऑफ फायटिंग'चा रिओ साकाझाकी मुळात दोन वेगळ्या खेळांच्या नियमांत घडलेले. त्यांना एका नियमात बसवताना कोणाचे झुकते माप राहिले, हा पहिला प्रश्न आणि आजवरच्या बहुतेक मतभेदांचे मूळही हेच. शिवाय इथे वजनगट नाहीत. लोखंडी गोळा फिरवणारा अवाढव्य चँग आणि त्याच्याच संघातला, त्याच्यापुढे अगदी ठेंगणा दिसणारा चोई कोणाशीही लढू शकतात आणि काही भागांत जाणकारांच्या लेखी त्या दोघांतला चोईच अधिक धोकादायक.

मालिका लहान गावांपर्यंत पोचली ती यंत्राच्या रचनेमुळे. पार्लरसाठीचे निओ जिओ १९९० मध्ये बाजारात आले. त्यातला खेळ कॅसेटवर असे आणि काही यंत्रांत एकाच वेळी दोन, चार, सहा कॅसेट बसत. नवा खेळ आला तर मालकाला अख्खे कपाट बदलावे लागत नसे, कॅसेट बदलली की काम भागे. त्यातच किंग ऑफ फायटर्सचा नवा भाग २००३ पर्यंत दरवर्षी येत राहिला. महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत व्हिडिओ गेम पार्लर निघाली त्या काळात अशी कपाटे मालकाला परवडणारी होती. जिंकणारा दांडीवर कायम, हरणारा उठणार आणि पुन्हा खेळायचे तर नवे टोकन घेणार, हा पार्लरचा साधा कायदा. या कायद्याने मतांना धार आणली. हरण्याची किंमत रोख मोजावी लागत असल्याने 'हे पात्र घ्यायचे नाही' ही तक्रार केवळ आवडीनिवडीची राहत नसे.

सर्वांत जुना आणि आजही न मिटलेला वाद '९७ आणि '९८ यांचा. १९९७ च्या भागात 'ओरोची' या कथेचा शेवट होतो. क्यो कुसानागी, इओरी यागामी आणि चिझुरु कागुरा ही तीन घराणी एकत्र येतात, नवखे म्हणून आलेले याशिरो, शर्मी आणि ख्रिस शत्रूच्या बाजूचे निघतात आणि अंतिम लढत ओरोचीशी होते. कथा आणि पार्श्वभूमीचे देखावे यांबाबत '९७ ला नावे ठेवणारे फार थोडे. पण तोल पाहायला गेले तर हा भाग बराच कलंडलेला. एकदा सुरू झाली की समोरच्याला सुटूच न देणारी, प्राण संपेपर्यंत चालणारी माऱ्याची साखळी त्यात अनेक पात्रांकडे आहे. इओरी, चिझुरु आणि ज्युडोपटू गोरो डायमोन ही नावे स्पर्धात्मक खेळाडूंच्या यादीत नेहमी वर असतात. त्याशिवाय गुप्त क्रमाने बटणे दाबून मिळणारे बेभान इओरी आणि बेभान लिओना आहेतच. त्यांचा वेग आणि मारा इतका की अनेक ठिकाणी खेळाडूंनी आपसांत ठरवून त्यांवर बंदी घातली. ही बंदी कंपनीने घातलेली नव्हती. रडीचा डाव कोणता, हे खेळणाऱ्यांनीच ठरवले.

१९९८ च्या भागाला कथाच नाही. कंपनीने मेलेली, गायब झालेली, जुनी-नवी पात्रे 'स्वप्नातला सामना' म्हणून एकत्र आणली आणि पहिल्या भागानंतर काढून टाकलेला अमेरिकी खेळाडूंचा संघही परत घेतला. मात्र तोल साधण्यावर मेहनत दिसते. कोणतेही पात्र घेऊन चांगला खेळाडू जिंकू शकतो, हा '९८ विषयीचा निष्कर्ष जगभरच्या खेळाडूंत जवळपास एकमुखी आहे.

तरीही लोकप्रियतेत '९७ मागे पडला नाही. चीनमध्ये तर त्याच्या स्पर्धा नव्या शतकातही भरत राहिल्या. २०२४ च्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये 'स्ट्रीट फायटर ६' चा विजेता ठरलेला झेंग झुओजुन ऊर्फ शाओहाय हा चीनच्या पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स खेळत घडला. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये जपानमधली आणि अमेरिकेतली अशा लढतींच्या खेळांच्या दोन्ही इव्हो स्पर्धा 'टेकन ७' मध्ये जिंकल्या. टेकनकडे वळण्यापूर्वी तोही किंग ऑफ फायटर्स खेळत असे. '९७ चे समर्थक अशी उदाहरणे देऊन सांगतात की असमतोल खेळात टिकलेला खेळाडू पुढे कशालाही डगमगत नाही. या मतात तथ्य आहे. मात्र त्याच असमतोलाला कंटाळून दुसऱ्या टोकनानंतर न परतलेली मुले कोणाच्या गणतीत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे.

शेवटच्या शत्रूंविषयीचा राग मात्र सगळ्यांचा सारखा आहे. पहिल्या भागातला रुगाल, '९५ मधले त्याचे ओमेगा रूप आणि '९६ मधला, उभ्या जागेवरून वावटळी उठवणारा गोएनिट्झ हे यंत्राच्या हातात असताना बटण दाबताक्षणी प्रत्युत्तर देतात, कारण यंत्राला खेळाडूची चाल कळायला वेळ लागत नाही. पार्लरच्या अर्थकारणाला असा शत्रू सोयीचा होता, कारण टोकन संपत राहत. घरच्या यंत्रावर तोच खेळ खेळणाऱ्यांना ही कठोरता निरर्थक वाटते. दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत.

१९९९ पासून हाकेसरशी मैदानात उडी घेणारा चौथा मदतनीस आला आणि मते पुन्हा दुभंगली. २००० च्या भागात मदतनिसांचा सुळसुळाट इतका वाढला की मूळ लढत झाकली गेली, अशी तक्रार जुन्या खेळाडूंनी केली. २००१ मध्ये एसएनके दिवाळखोरीत गेली. मालिका दुसऱ्या हातांत जाऊन चालू राहिली आणि २००२ चा भाग मदतनीस वगळून पुन्हा तिघांच्या लढतीवर आला. आज खेळाडूंच्या पसंतीत '९८ च्या शेजारी बसतो तो हाच. दरम्यान आशियाभरच्या पार्लरमध्ये चोरट्या, फेरफार केलेल्या आवृत्त्या पसरल्या होत्या. २००२ च्या भागाची 'मॅजिक प्लस' ही त्यांतली प्रसिद्ध. त्यात एका दाबासरशी पडदाभर ज्वाळा उसळत आणि शक्तीची पट्टी रिती होत नसे. अनेकांची या मालिकेशी पहिली ओळख अशाच आवृत्तीवर झाल्याने 'खरा' खेळ त्यांना पुढे संथ आणि कंजूष वाटला. खेळाडूंची मते वाचताना कोण कोणत्या आवृत्तीवर वाढला, हे आधी विचारावे लागते.

स्त्री पात्रांविषयी थोडे. पहिल्याच भागात माई शिरानुई, किंग आणि युरी यांचा सर्व-स्त्री संघ होता. १९९४ मध्ये ही मोठी गोष्ट होती आणि चिझुरु तर '९७ मधल्या सर्वांत बलवान पात्रांत मोडते. पण माईच्या तोकड्या पेहरावावरची चर्चा वर्षानुवर्षे मुलांच्याच तोंडी राहिली, कारण पार्लरमध्ये मुलींना जागाच नव्हती. २०२५ मध्ये 'फेटल फ्युरी : सिटी ऑफ द वुल्व्हज' आणि 'स्ट्रीट फायटर ६' या दोन्ही खेळांत माई जाकीट घालून आली तेव्हा काहींनी स्वागत केले, काहींनी जुना पेहराव हवा असा हट्ट धरला. लढाऊ म्हणून तिचे मूल्यमापन व्हायला इतका काळ लागावा, हा या खेळाडूवर्गाचा ठळक दोष मानायला हवा.

पहिल्या भागातले आठ संघ इटली, चीन, जपान, अमेरिका, कोरिया, ब्राझील, इंग्लंड आणि मेक्सिको या देशांच्या नावांवर होते. भारत त्यांत नव्हता. भारतीय खेळाडूला आपला माणूस दिसला तो प्रतिस्पर्धी कॅपकॉम कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर २' मधला धालसिम. हातपाय लांबवणारा, तोंडातून आग ओकणारा आणि गळ्यात कवट्यांची माळ घातलेला योगी. 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके' या २००० च्या खेळात आणि पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या भागात तो थेट इओरी आणि टेरीच्या समोर आला. दूर उभे राहून खेळणाऱ्यांना तो प्रिय आहे. त्याचे चित्रण मात्र परक्याच्या नजरेतून झालेले आहे आणि भारताच्या वाट्याला अशा खेळांत एखादा पैलवान यावा, ही अपेक्षा रास्त आहे.

बाहेरून आणलेल्या पाहुण्यांवरून होणारे वाद अलीकडे वाढले आहेत. टेरी बोगार्ड २०१९ मध्ये निन्टेंडोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' मध्ये आणि २०२४ मध्ये 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये गेला, तेव्हा जुने चाहते हरखले. पण 'सिटी ऑफ द वुल्व्हज' मध्ये फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डो लढवय्या म्हणून आला, तेव्हा अनेकांनी तोंड फिरवले. एसएनकेची मालकी सौदी अरेबियातील एका प्रतिष्ठानाकडे गेल्यानंतरचा हा निर्णय असल्याने नाराजीला आणखी एक पदर होता. खेळाडूंची कसोटी सरळ आहे: पाहुणा त्या जगात शोभतो का, की जाहिरातीसाठी आणून बसवला आहे.

मोबाइलवरचा 'किंग ऑफ फायटर्स ऑलस्टार' ही आणखी एक दुखरी जागा. त्यात २०२० मध्ये अंडरटेकर आणि द रॉक यांच्यासह डब्ल्यूडब्ल्यूईचे मल्ल आले. पात्रे मिळवण्यासाठी सोडतीसारखी पद्धत होती आणि अनेकांनी तीवर पैसे ओतले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सेवा बंद झाली आणि विकत घेतलेले सगळे गेले. कॅसेट मात्र तीस वर्षांनंतरही चालते.

जालन्यातून आज खेळणाऱ्यासाठी सर्वांत कळीचा प्रश्न इंटरनेटच्या जाळ्याचा आहे. हे खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबाने सुमारे ४०० किलोमीटरवरच्या मुंबईपर्यंत संदेश पोचायला नुसत्या अंतराचे २ मिलिसेकंद पुरतात. खरा वेळ मधल्या यंत्रणांत, मोबाइलच्या टॉवरवर आणि घरातल्या वायफायवर जातो. सिंगापूरचा प्रतिस्पर्धी मिळाला तर अंतरही भारी पडते. जुन्या पद्धतीत समोरच्याची चाल येईपर्यंत खेळ थांबून राही, त्यामुळे दांडी जड झाल्यासारखी वाटे. तेराव्या भागाची मूळ आवृत्ती लढतींसाठी उत्कृष्ट मानली गेली, पण याच कारणाने दूरच्या खेळाडूंनी ती सोडली.

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी पंधरावा भाग ३९ पात्रे आणि रोलबॅक पद्धत घेऊन आला. या पद्धतीत यंत्र समोरच्याची चाल अंदाजाने पुढे दाखवते आणि अंदाज चुकला तर क्षणात मागे जाऊन दुरुस्ती करते. तेरावा भागही २०२३ मध्ये याच सोयीसह पुन्हा निघाला. महानगराबाहेरच्या खेळाडूला चांगल्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत नेणारी याहून मोठी सुधारणा या मालिकेत झालेली नाही.

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ईस्पोर्ट्स व पैसे लावून खेळायचे खेळ यांत भेद केला. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' मध्ये भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने वयाच्या ४४ व्या वर्षी मिळवले. पार्लरच्या काळातला माणूस अजून जिंकू शकतो, याचा हा पुरावा चाळिशीतल्या खेळाडूंना फार भावला. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात 'स्ट्रीट फायटर ६' आणि 'टेकन ८' यांच्याबरोबर 'किंग ऑफ फायटर्स १५' चाही समावेश करण्यात आला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने '९८ घ्यावा, त्यात एकच संघ पक्का करावा आणि शक्य तर शेजारी बसलेल्या माणसाशी खेळावे. स्पर्धेत उतरायचे असेल तर पंधराव्या भागाचा सराव वायफायवर न करता तारेच्या जोडणीवर करावा.